आत्याबाईंच्या करवंट्या

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. नाव साळूबाई. करमाडच्या अलीकडं जालना रोड सोडून आत वळलं की शेतातच आमचं घर आहे. मी मात्र गुलमंडीच्या मागच्या गल्लीत वाढलेली. दाराबाहेर पाऊल टाकलं की कापडाची दुकानं, आणि तोंड उघडलं की निम्मी मराठी, निम्मी हिंदी. लग्न होऊन इथं आले तेव्हा माझी जीभ हातभर लांब होती आणि आत्याबाईंना जीभ आहे की नाही याचीच मला शंका होती. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात ते खरं आहे. मी तावातावानं बोलायची, त्या भाकरी थापत ऐकायच्या, आणि माझा दम संपला की म्हणायच्या, "झालं का बाई? मग तेवढी परात इकडं सरकव." वर्षभरात माझी भांडायची हौसच फिटली.

घरातलं सगळं बोलणं मामांच्या वाट्याला आलं होतं. मामा म्हणजे माझे सासरे, रामकिसन. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि आल्यागेल्याला धरून बागेत नेऊन प्रत्येक झाडाची कुळकथा सांगायची सवय. बाग पेरूची. आमच्या गावात पेरूला जांब म्हणतात; मी आल्या आल्या पेरू म्हणाले तर मामा आठवडाभर मला 'पेरूबाई' म्हणून हाक मारत होते. ठिबकच्या नळीवर मुंग्यांची रांग लागली तर हा माणूस पाणी सोडायच्या आधी त्यांना पानावर घेऊन बांधाला सोडायचा. अर्धा-अर्धा तास. आत्याबाई लांबून बघायच्या आणि कपाळाला हात लावायच्या, पण हसायच्या.

असल्या बोलक्या माणसाला लकवा मारावा आणि नेमकी वाचाच जावी, याचा मला आजही देवावर राग आहे. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागले, आणि बोलणं म्हणजे घशातला नुसता आवाज उरला. ऐकू सगळं यायचं, समजायचंही सगळं. बाहेर मात्र काही येत नव्हतं. घरात ते भिंतीकडं बघत बसायचे. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा. काय बोलतं करणार? मी पेपर वाचून दाखवला, भजनं लावली. मामा डोळे मिटून घ्यायचे.

मग आत्याबाईंनी एक केलं. रोज सकाळी त्यांचा डावा हात स्वतःच्या खांद्यावर घेऊन त्या मामांना हळूहळू बागेत न्यायला लागल्या. विहिरीकडच्या झाडाखाली बाज टाकलेली असायची. तिथं बसवायचं, बुक्का लावायचा, आणि दुधात कुस्करलेली भाकरी स्वतःच्या हातानं भरवायची. आणि बागेत मामा बोलायचे. शब्द नव्हेत, पण वर बोट करून आवाज काढायचे, पोपट आला की हात हलवायचे. एकदा हाताशी आलेलं फळ चाचपून म्हणाले, "जां... जां..." आत्याबाई त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाल्या, "जांब म्हणले." एवढंच. पण त्या दिवशी त्यांनी विनाकारण गोडाचा शिरा केला.

आता इथं माझ्या नवऱ्याला आणावं लागेल. त्यांचं नाव काकासाहेब. मानाचं नाव नव्हे, पाळण्यातलंच. दुपट्यात गुंडाळलेले असल्यापासून सगळं गाव त्यांना काकासाहेब म्हणतं. शेंद्र्याला कारखान्यात जातात आणि उरलेल्या वेळात शेत बघतात. माणूस वाईट नाही, पण बागेकडं बघितलं की त्यांचं डोकं फिरायचं. कारण पावसाळी फळ सगळं किडकं. वरून बघावं तर गोजिरवाणं, हिरवंपिवळं, आणि कापलं की आत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. मागच्या वर्षी व्यापाऱ्यानं दोन टोपल्या फोडून बघितल्या आणि हात झटकले. फळमाशीचं काम. फळ पिकायला लागलं की माशी सालीत टोचून अंडी घालते, आणि आपल्याला कळतं ते सुरी चालवल्यावर.

मामा चालते-बोलते होते तेव्हा म्हणायचे, "पाखराचा वाटा, मुंगीचा वाटा, तसा तिचाबी वाटा हाय." वाटा मागायला आलेली पाहुणी सगळं ताटच घेऊन बसली होती.

"आवंदाबी फळ किडकं निघालं तर दसऱ्याला झाडं काढून टाकायची," काकासाहेब म्हणाले. "आदरक लावू. निदान खायला तरी मिळंल."

आत्याबाई भाकरी थापत राहिल्या. पण मी त्यांच्याकडं बघत होते. ज्या जागी आपला माणूस थोडा तरी आपला राहतो, ती जागाच जाणार होती. बाग गेली तर मामा पुन्हा भिंतीकडं बघत बसणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

त्याच सुमाराला कृषी सहायक मॅडम गावात आल्या आणि आमच्या बागेत चार सापळे टांगून गेल्या. प्लास्टिकचा डबा, आत जायला भोकं, आणि मध्ये लाकडाचा एक तुकडा, औषधात भिजवलेला. मॅडमनी समजावून सांगितलं, की या वासाला नर माशी भुलते, आत येते आणि मरते. नरच राहिले नाहीत तर मादीची अंडी उजवणार कशी, आणि फळात अळी होणार कशी?

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी आवडीच्या वासानं बोलवायचं आन आत आला की मारायचं?"

"असंच समजा, मावशी."

"दगाच झाला की मग ह्यो."

मॅडम हसल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो लाकडाचा तुकडा लांबूनच हुंगला आणि म्हणाल्या, "ह्याला तर तुळशीचा वास येऊ लागला."

"बरोबर ओळखलंत. तुळशीत तोच अर्क असतो. आधी लोक तुळशीचा रस काढून करवंटीत घालायचे, त्यात औषधाचा थेंब टाकायचे आणि झाडाला टांगायचे. तेही चालतं."

त्या चार डब्यांत माश्यांचा खच पडला. पण एवढ्या बागेला चार डबे म्हणजे मांडवाला चार पानं. काकासाहेब आणखी सापळे आणायला शहरात गेले आणि मोठ्या रुबाबात पिशवी भरून घेऊन आले. टांगले. रोज सकाळी आम्ही जाऊन बघतोय, तर फळमाशी एक नाही, भलतीच करडी पाखरं पडलेली. शेवटी शेजारचा सांडू बांधावर आला आणि पोट धरून हसला. काकासाहेबांनी कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचे सापळे आणले होते! ज्याचा वास त्यालाच लागतो. आम्ही पेरूच्या बागेत बसून सांडूच्या कपाशीवरच्या पाखरांना आवतण देत होतो. सांडूनं आभार मानले. काकासाहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जसं काही पिशवी मीच भरली होती.

बरोबर सापळे दुकानात पुढच्या आठवड्यात येणार होते. तो पुढचा आठवडा काही उजाडेना, आणि फळाला तर रंग चढायला लागला होता.

एका सकाळी मी उठले तर आत्याबाई पाट्यावर काहीतरी वाटत होत्या. वासानंच कळलं. अंगणातल्या वृंदावनातल्या तुळशीला त्यांनी हात लावला नव्हता. तिचं आमच्याकडं दर कार्तिकात लग्न लागतं, घरात लेक नाही म्हणून तीच लेक. घरामागच्या बांधावर बी पडून तुळशीचं रान माजलं होतं, तिथली पानं आणली होती. तोडायच्या आधी हात जोडून डोकं टेकलं असणार, कारण कपाळाला माती होती. नारळाच्या करवंट्यांना भोकं पाडून सुतळी ओवून ठेवलेली. रस, पाणी, वर औषधाचा थेंब. एकेक करवंटी त्यांनी झाडाला अशी टांगली की दिवाळीचे आकाशकंदील लावतोय असं वाटावं. एकादशी आली की मात्र सगळ्या करवंट्यांवर पळसाचं पान झाकायचं. त्या दिवशी माश्यांनाही अभय. मी म्हणाले, "आत्याबाई, माश्यांना कॅलेंडर वाचता येत नाही." त्या म्हणाल्या, "मला येतं की."

करवंट्या चालल्या. रोज माश्यांचा थर साचायचा, आत्याबाई तो बांधाला पुरायच्या आणि नवा रस घालायच्या. मी खूश होते. आणि त्याच दिवसांत एक विचित्र गोष्ट सुरू झाली.

"सुनबाई, आजपासून ह्यांना घास तू भरव," आत्याबाई म्हणाल्या.

मला वाटलं, कामाचा ताण आहे. मग बुक्काही मीच लावायचा असं ठरलं. मग आंघोळीचं पाणी द्यायला काकासाहेब. बागेत न्यायलाही काकासाहेबच, आणि ते कामावर असले की मामा घरातच. आत्याबाई मामांच्या ताटाला शिवत नव्हत्या, त्यांच्या बाजेवर बसत नव्हत्या. समोरून गेल्या तरी पदर आवरून, लांबून जायच्या. मामा त्यांच्या पाठीकडं बघत राहायचे. माझ्या हातचा घास ते पहिले काही दिवस मुकाट्यानं घेत होते, मग तोंड फिरवायला लागले. बागेत चला म्हटलं तरी डावा हात बाजेला घट्ट धरून ठेवायचे. पुन्हा भिंत. गळ्यातली माळ सैल दिसायला लागली, इतके ते उतरले.

दसऱ्याच्या आधी काकासाहेबांनी टोपलंभर जांब ओट्यावर ओतले आणि सुरी घेऊन बसले. एक कापला, दुसरा कापला. पांढराशुभ्र गर, मध्ये बिया, आणि अळीचं नाव नाही. टोपलं संपत आलं तेव्हा ते मान खाली घालूनच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या झाडं." आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि पटकन काढला.

बाग वाचली. आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या मामांना त्या बागेकडं बघायचंही नव्हतं. कापलेल्या जांबाची मऊ फोड मी त्यांच्या ओठाला लावली, तर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

माझं डोकं सटकलं. पोटात ठेवणारी बाई मी नव्हेच. सरळ मागच्या पडवीत गेले. आत्याबाई पाटा धूत होत्या.

"आत्याबाई, मामांचा कंटाळा आला असेल तर तसं सांगा. आम्ही करू त्यांचं. पण असं वाळीत टाकल्यासारखं वागू नका. तो माणूस झुरून मरायला लागलाय."

पाट्यावरचा हात थांबला. मला वाटलं, आता म्हणतील, झालं का बाई. पण त्यांचा चेहरा असा झाला की मलाच माझ्या बोलण्याची भीती वाटली.

"कंटाळा?" त्या म्हणाल्या. "मला ह्यांचा?"

मग बोलल्या, आणि लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

"बायकूचं पाप अर्धं नवऱ्याला लागतं. ठावं हाय का तुला? माही माय सांगायची. म्या रोज एवढाले जीव मारू लागले. चातुर्मासात. तेबी तुळशीच्या वासानं भुलवून, दगा देऊन. ह्यांनी जल्मात मुंगी मारली नाय. आधीच देवानं हात नेला, तोंड नेलं. त्यात माझ्या पापाचा वाटा ह्यांच्या बोकांडी बसला तर? म्हून म्या देवापुढं सांगितलं, आमचं दोघांचं मिळून आता कायी नाय. घास नाय, बुक्का नाय, एका बाजंवर बसणं नाय. हे मारणं माझ्या एकटीच्या नावावर लिव्ह. आन त्यांची जागा त्यांना ऱ्हाऊ दे."

"आणि देव असली वाटणी ऐकतो?"

"ऐकंल. त्यालाबी संसार हाय."

मी हसायला हवं होतं, पण मला रडू आलं. माझ्या शिकल्यासवरल्या डोक्यात खूप मुद्दे होते. माशी, अळी, पीक, पाप नाही नि पुण्य नाही. एकही मुद्दा तोंडातून निघाला नाही, कारण त्या बाईसमोर ते सगळे फार स्वस्त वाटत होते. एवढंच म्हणाले, "हे मामांना माहीत आहे?"

"त्यांना कशापायी सांगायचं? जिवाला लावून घेत्याल."

"आत्ता काय करताहेत मग?"

त्या पुन्हा पाटा धुवायला लागल्या. मी मात्र तशीच उठले आणि मामांच्या बाजेपाशी जाऊन सगळं सांगितलं. करवंट्या, तुळस, चातुर्मास, अर्धं पाप, देवाशी केलेली वाटणी. आत्याबाई दाराच्या चौकटीपर्यंत आल्या आणि "नगं गं, नगं," करत तिथंच थांबल्या. मामा माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी मान वळवून दाराकडं बघितलं. बघतच राहिले. त्यांच्या मनात इतके दिवस काय होतं ते मला त्या बघण्यावरून कळलं. आपण निकामी झालो, ओझं झालो, म्हणून हिनं हात काढून घेतला, असंच त्यांना वाटत होतं. आत्याबाई पदर तोंडात धरून आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर बाज रिकामी.

मामा एकटे कुठं जाऊच शकत नव्हते. मी ओरडतच बाहेर पळाले. अंगणातल्या मातीत ओढलेल्या पायाची रेघ उमटली होती, भिंतीच्या कडेकडेनं, घरामागं. तिथं आत्याबाई आधीच पोचल्या होत्या. हातात रिकामी टोपली, नेहमीप्रमाणं तुळस तोडायला आलेल्या. आणि बांधावरच्या त्या तुळशीच्या रानात मामा मातीत बसले होते. बसले होते की पडले होते ते देव जाणे. गुडघा खरचटलेला, धोतर मातीनं भरलेलं. डाव्या हातानं पानं तोडत होते. एक हात जोडता येत नाही, म्हणून प्रत्येक डहाळी तोडायच्या आधी ती कपाळाला टेकवत होते. ओटीत पानांचा ढीग झाला होता.

आत्याबाई पुढं झाल्या. मामांनी त्यांच्या हातातली टोपली ओढून घेतली आणि ओटीतली पानं तिच्यात टाकली. सगळी. मग तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, डोळे बारीक झाले, ओठ वाकडे व्हायला लागले. मी म्हणणार होते, राहू द्या मामा, दमू नका. पण आवाज फुटला.

"अ... र्धं," मामा म्हणाले. आणि छातीवर हात ठेवून, "मा... झं."

आत्याबाई त्यांच्यासमोर मातीतच बसल्या. त्यांना रडता येतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि रडता रडता भांडताही येतं हेही.

"बिन आंघूळीची तुळस तोडत्यात व्हय? आं? पारोशा हातानं? आन पडले असते म्हंजी? कुनी बोलावलं व्हतं तुमाला इथं?"

मामांचा वाकडा ओठ हसत होता. मी घरात पळाले, दूधभाकरीची वाटी आणली. आत्याबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, पदरानं मामांच्या तोंडावरची माती पुसली, आणि तिथंच तुळशीच्या रानात बसून त्यांना पहिला घास भरवला. मामांनी तो खाल्ला. मग डाव्या हातानं वाटी ओढली, दुसरा घास उचलला आणि आत्याबाईंच्या तोंडापुढं धरला.